डोंगराच्या बाजूची खिडकी

जेलरोड, नाशिकरोड
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय मैनास,

अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. हल्ली पोस्टमन दारात आला की लोक आधी देव्हाऱ्याकडे बघतात. पण मी पोस्टातून रिटायर झालेली बाई, मीच पत्र लिहायचं नाही तर कुणी लिहायचं? शिवाय तुला फोन केला की तो स्पीकरवर असतो. मागच्या वेळी मी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि उत्तर तुझ्या दिरांनी, गेणूभाऊंनी दिलं. गुडघा तुझा की त्यांचा, हे मला अजून कळलेलं नाही.

मुद्द्यावर येते. तुझे सावळीरामराव गेल्याला फेब्रुवारीत वर्ष होईल. या वर्षात तू मळा सोडून कुठे गेलेली नाहीस. आता आपण दोघी एक प्रवास करायचा, आगगाडीने, बर्फ बघायला. आठवतंय, आजोळी चांदवडला कॅलेंडरवर बर्फातून जाणारी छोटी आगगाडी होती? वर्ष संपलं तरी आजीने ते काढलं नव्हतं. आपण दोघी तिच्या खिडक्या मोजायचो आणि कुठली तुझी, कुठली माझी यावरून भांडायचो. मी मोठी असून रडायचे, आणि तू धाकटी असून द्यायची नाहीस.

चौतीस वर्षं मी नाशिकरोडला टपाल निवडलं. सिमला १७१००१, दार्जिलिंग ७३४१०१, उटी ६४३००१. ही गावं हजारदा माझ्या हातातून गेली आणि मी स्वतः भुसावळच्या पुढे गेले नाही. कधी कधी पाकीट टाकताना वाटायचं, आपल्यालाच त्यात घालून चिकटवावं. आता चौसष्टावं सरेल, अजून किती थांबू?

मी वही केली आहे. माझं मन काश्मीरच्या नव्या गाडीवर बसलंय. उंच पूल, खाली नदी, थेट श्रीनगर. नाहीतर दार्जिलिंग. उटीची वाट सुंदर, पण तिथे बर्फ नाही. तुझी बाग कधी मोकळी होते ते कळव. तिकिटं साठ दिवस आधी काढता येतात, तेव्हा नेहमीसारखं घोंगडं भिजत ठेवू नकोस.

तुझी
योगिनीताई


मळा, नामपूर
१९ नोव्हेंबर २०२५

ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने सगळ्यांसमोर दिलं, मग मी सांगितलं की ताईने लोणच्याची कृती मागितली आहे. आता तू खरंच लोणचं घाल.

आपल्याकडची द्राक्षं लवकरची. तुमच्या निफाडकडे मार्चपर्यंत चालतं, आमचा खुडा डिसेंबरात सुरू होतो. जानेवारीच्या दहापर्यंत बाग रिकामी होईल. त्यानंतर मला कुणी अडवणार नाही. ११ फेब्रुवारीला वर्षश्राद्ध आहे, त्याआधी परत यायला हवं.

काश्मीर नको. तिकडे बोगदेच फार, असं टीव्हीवर दाखवत होते. अंधारात काय बघायचं? दार्जिलिंग लांब पडेल. तुझ्या वहीत सिमला असेल ना, कालकाहून जाणारी छोटी गाडी? तीच बरी. मात्र गाडी साधी बघ, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी.

गुडघा माझाच आहे. बरा आहे.

तुझी
मैना


नाशिकरोड
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मैनास,

अनेक आशीर्वाद.

बोगद्यांना भिऊन सिमल्याची वाट धरणारी तू पहिलीच असशील. बाई, त्या वाटेवर शंभरावर बोगदे आहेत! आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पण असो, सिमला तर सिमला. कॅलेंडरवरची गाडी तीच असावी असं मला आता वाटायला लागलंय, त्यामुळे काश्मीरवर पाणी सोडताना फार वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

साध्या गाडीचं मात्र ऐकणार नाही. नवीन डबे आलेत, त्यांना छतापर्यंत काचा. मऊ खुर्ची, हातात चहा, वर आभाळ आणि खाली दरी. ती गाडी मध्ये एकदाच कुठेतरी नाश्त्याला थांबते आणि लवकर पोचवते. तू आयुष्यभर नामपूर-सटाणा बसने प्रत्येक फाट्यावर थांबत गेलीस, हौस फिटली नाही का? जागा दोघींना दरीच्या बाजूच्या बघते. माझी नात आरोही म्हणते की सगळं सौंदर्य दरीकडे असतं, डोंगराकडे नुसती दगडी भिंत.

लोणचं घातलं. खारट झालं.

तुझी
योगिनीताई


नामपूर
५ डिसेंबर २०२५

ताईस साष्टांग नमस्कार.

खुडा सुरू झालाय, त्यामुळे थोडक्यात लिहिते.

काचेचा डबा नको. खिडकी उघडणारी हवी. जागा डोंगराच्या बाजूची हवी, दरी तू बघ. गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबली पाहिजे, अर्धं मिनिट थांबली तरी चालेल. बाकी तू म्हणशील तसं.

रागावू नकोस.

मैना


नाशिकरोड
१२ डिसेंबर २०२५

मैना,

रागावू नकोस असं आधीच लिहिलंस, म्हणजे रागावण्यासारखं आहे हे तुलाही कळतंय.

काचेच्या डब्याची तिकिटं मी काढली. २२ जानेवारी, कालका ते सिमला, दरीच्या बाजूच्या दोन खुर्च्या. आरोहीने रात्री जागून ती मिळवली. आणि तुला उघडी खिडकी हवी! जानेवारीत, सिमल्याला! दोन म्हाताऱ्या गारठून मरतील आणि पेपरात फोटो येईल. भिंतीकडे तोंड करून बसायचं, तासन्‌तास दर स्टेशनावर थांबायचं, यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं? नांदगावच्या फाटकाशी बसू आपण, गाड्याही दिसतील.

मला वाटतं तुला यायचंच नाहीये आणि तसं सरळ सांगता येत नाहीये. लहानपणीही तू अशीच होतीस. नको म्हणायची नाहीस, गप्प राहायचीस, आणि समोरच्याने आपलं आपण समजून घ्यायचं. सावळीरामरावांपुढेही जन्मभर तेच केलंस. मला नाही जमत असलं समजून घेणं. हो की नाही, एवढंच कळव.

योगिनी


नामपूर
२० डिसेंबर २०२५

ताईस साष्टांग नमस्कार.

मी गप्प राहते हे तू लिहिलंस ते खरं आहे. म्हणून आज सगळं लिहिते. घरातले बागेत आहेत.

हर्षल त्या रस्त्यावर आहे. माझा हर्षल. सोलनच्या पुढे कोटधार नावाचं लहान स्टेशन आहे, तिथे तो स्टेशन मास्तर आहे.

त्याने तिकडच्या नर्स मुलीशी लग्न केलं आणि नंतर कळवलं, एवढं तुला माहीत आहे. हे म्हणाले होते, "हाऊ मना पोऱ्या नही." चार वर्षं त्याचं नाव घरात निघालं नाही. तरी तो मला दिवाळीला फोन करायचा, आणि मी गोठ्यात जाऊन बोलायचे. पुढचं मात्र तुला माहीत नाही.

हे गेले तेव्हा भाऊबंद म्हणाले, तो दोन दिवसांनी पोचेल, कळवून काय उपयोग? संध्याकाळीच उरकलं. अग्नी पुतण्याने दिला. दुसऱ्या दिवशी गेणूभाऊजींनी चौकात लावायचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला दिला. छापण्याआधी मोबाईलवर मला दाखवला. ह्यांचा फोटो, खाली शोकाकुल म्हणून सगळ्यांची नावं. भाऊ, पुतणे, जावई, मळ्याशेजारचे लोकसुद्धा. हर्षलचं नाव नव्हतं. भाऊजींनी विचारलं, "वहिनी, बराबर शे का?" मी वाचलं होतं, ताई. मला वाचता येतं. रडून डोळे सुजले होते, पण दिसत होतं. मी म्हणाले, "बराबर शे."

गावच्या ग्रुपवर कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो टाकला. बाप गेल्याचं माझ्या पोराला त्यातून कळलं. आधी फोटो पाहिला असेल, मग नावं वाचली असतील, शेवटपर्यंत.

पंधरा दिवसांनी त्याचं पाकीट आलं. त्यावर स्टेशनाचा शिक्का होता. आत दोन ओळी: घरच्यांच्या यादीत मी नाही हे समजलं. आता मला भेटायला कुणी येऊ नये. तेव्हापासून माझा फोन त्याला लागत नाही.

ट्रेनिंग संपवून आला तेव्हा तो मला सांगायचा, आई, अंगात ताप असो नाहीतर घरात काही होवो, गाडी येताना मास्तरने हिरवी झेंडी घेऊन प्लॅटफॉर्मवर उभं राहायचंच, शेवटचा डबा जाईपर्यंत. ते मला रोज आठवतं. म्हणून गाडी थांबणारी हवी. पहिल्या वर्षी त्याने स्टेशनाचा फोटो पाठवला होता, त्यात प्लॅटफॉर्मच्या मागे लगेच डोंगर आहे. म्हणून खिडकी डोंगराकडची. मी उतरणार नाही. त्याने येऊ नये लिहिलंय, मी मोडणार नाही. पण गाडी त्याच्या स्टेशनावरून जाते, तिला तर बंदी नाही ना? एकदा डोळ्यांनी बघते, मग तू म्हणशील त्या दरीकडे तोंड करून बसेन.

बर्फाची मला तेवढी ओढ नाही. तुला खोटं लिहिलं त्याची माफी असावी.

तुझी
मैना


नाशिकरोड
९ जानेवारी २०२६

माझ्या मैने,

तुला उत्तर द्यायला वीस दिवस लावले. पहिले दोन दिवस रडण्यात गेले. तिसऱ्या दिवशी काचेच्या डब्याची तिकिटं रद्द केली. चौथ्या दिवशी साध्या गाडीची मिळाली, त्याच तारखेची, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी, खिडकी वर सरकणारी. जागा डोंगराच्या बाजूच्या. आरोहीने दोनदा विचारलं, आजी, नक्की भिंतीकडच्याच ना? मी म्हटलं, त्या भिंतीपुढे काय उभं आहे ते तुला माहीत नाही.

चौतीस वर्षं मी पत्त्याचं गिचमिड अक्षर वाचलं. ज्यांच्यावर धड गाव लिहिलेलं नसायचं अशी पाकिटंही जागेवर पोचवली. आणि माझ्या सख्ख्या मावसबहिणीची दोन पत्रं मला वाचता आली नाहीत. वर तुला फाटकाशी बसायला सांगितलं. जीभ झडो माझी.

आता वाईट बातमी. सोमवारी बाजारात ओल्या फरशीवरून घसरले. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मी येऊ शकत नाही. हे लिहिताना मला काय होतंय ते तूच जाण. पण तू मागे फिरलीस तर बघ. आरोही माझ्या जागेवर येईल. ती कामाची पोर आहे, दिल्लीला गाडी बदलून देईल, तुला धरून नेईल. तिला सगळं सांगितलंय.

माझ्यासाठी एकच कर. बर्फ कसा असतो ते पानभर लिही. काही गाळू नकोस.

तुझी
ताई


नामपूर
१५ जानेवारी २०२६

ताईस साष्टांग नमस्कार.

पायाखाली उशी घे आणि उगाच उठू नकोस. मी जाते.

काल एकटी नामपुरात फ्लेक्सच्या दुकानात गेले. वर्षश्राद्धाचा फ्लेक्स मी स्वतः सांगून करून घेतला, उशीएवढा, पिशवीत मावेल असा. पहिलं नाव हर्षलचं. त्याच्या खाली सूनबाईचं, पण तिचं नाव कधी घरात आलंच नाही, मला माहीत नाही. तेवढी जागा रिकामी सोडायला सांगितली. बोलणं नाही जमलं तर खिडकीतून धरीन.

घरी आणून गेणूभाऊजींपुढे ठेवला. विचारलं, "भाऊजी, बराबर शे का?" त्यांनी एकेक नाव बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, "बराबर शे." आणि उठून बाहेर गेले.

मैना


सिमला
२३ जानेवारी २०२६

ताईस साष्टांग नमस्कार.

बर्फाबद्दल पानभर लिही म्हणाली होतीस, म्हणून आधी ते उरकते. बर्फ पाहिला. पांढरा असतो. पायाखाली खड्याच्या मिठासारखा वाजतो. हातात धरला की आधी चटका बसतो, मग बोटं आपली राहत नाहीत. आरोहीने फोटो काढलेत, बाकीचं तिला विचार.

आता कालचं लिहिते. कालकापासून मी खिडकी उघडी ठेवली. लोक कुरकुरले, आरोहीने त्यांना हिंदीत काय सांगितलं देव जाणे, मग कुणी बोललं नाही. सोलन गेल्यावर मी पिशवीतून फ्लेक्सची गुंडाळी काढून मांडीवर घेतली. कोटधारची पाटी आली आणि तो दिसला.

सहा पावलांवर होता. काळा कोट, हातात हिरवी झेंडी. वाळलाय. कानाजवळचे केस पांढरे झालेत, ताई, चौतिसाव्या वर्षी. पायात जाड बूट होते, ते बघून बरं वाटलं.

फ्लेक्स कसा उघडायचा ते मी वाटभर घोकलं होतं. हातच उठेना. हाक मारावी तर, ज्या तोंडाने बराबर शे म्हणाले त्याच तोंडाने हर्षल कसं म्हणू? आरोही कानाशी म्हणाली, "मैनाआजी, हाक मार ना!" तेवढ्यात त्याची नजर आमच्या डब्यावरून गेली. थांबली असं मला वाटलं. पण झेंडी हलली नाही, पाऊल हललं नाही. मग त्याने झेंडी वर केली आणि गाडी निघाली. मी मान बाहेर काढून वळणापर्यंत बघत राहिले. शेवटचा डबा जाईपर्यंत तो तसाच उभा होता. नियमच आहे तसा. त्याने मला पाहिलं की नुसता डबा पाहिला, मला सांगता येणार नाही.

मला वाटायचं, एकदा डोळ्यांनी दिसला की पुरे. ते खोटं आहे, ताई. दिसल्यावर जास्तच भूक लागली. काल रात्री जेवण गेलं नाही.

उद्या परतीची गाडी आहे. हे पत्र सकाळी पेटीत टाकते.


कोटधार
२५ जानेवारी

पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून याच कागदावर पुढे लिहिते.

काल परतताना गर्दी होती. डोंगराकडच्या जागा गेल्या होत्या, मला दरीकडची खिडकी मिळाली. म्हटलं, असू दे, आपल्यात हिंमतच नाही, तर खिडकी घेऊन काय करायचं? फ्लेक्स पिशवीतच ठेवला. कोटधार आलं तेव्हा मी दरीकडे तोंड करून बसले होते. तिकडची देवदारं खरंच फार सुंदर आहेत, तुला आवडली असती. तेवढ्यात पलीकडच्या खिडकीतून आवाज आला.

"माय, स्वेटर कोठे शे तुनं?"

मी वळले. तो खिडकीला तोंड लावून उभा होता. "परवा बी नही व्हतं," म्हणाला.

म्हणजे त्याने पाहिलं होतं, ताई. मला पाहिलं होतं, अंगात स्वेटर नाही हेसुद्धा पाहिलं होतं. आणि दोन दिवस ड्युटी बदलून घेऊन खाली येणारी प्रत्येक गाडी बघत होता. "माय, खाले उतर," एवढंच म्हणाला. मी पिशवी घेऊन उतरले. मागून आरोही बॅगा घेऊन उतरली. उतरल्या उतरल्या मी फ्लेक्स काढायला लागले तर त्याने माझा हात धरला. "मंग वाचसू," म्हणाला.

रात्री वाचला. जमिनीवर पसरून कडा हाताने सरळ करत बसला. सून गोड आहे, आमचं बोलणं तिला कळत नाही तरी मध्ये मध्ये मान डोलावते. रिकाम्या जागेवर तिने पेनाने स्वतःचं नाव लिहिलं. हर्षलने रजा टाकली आहे. ११ तारखेला दोघंही येतील. आरोही तुझ्याकडे परवा निघते, मी थोडी थांबते.

काल गाडी चार मिनिटं उशिरा सुटली. एवढ्याशा स्टेशनातसुद्धा उशिराचं कारण वहीत लिहावं लागतं. मी विचारलं, काय लिहिलंस? म्हणाला, लिहिलं की मास्तरच्या आईला उतरायला वेळ लागला.

खोटं लिहिलंय, ताई. मी लगेच उतरले होते. मास्तरने झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि त्याची झेंडी चार मिनिटं माझ्या पाठीवर होती.

तुझी
मैना